परदेशातील एक वर्ष आणि साक्षीची अमानत




घरातील मुलगा अथवा मुलगी परदेशी निघाली की मशिदीच्या इमामाकडे काही ठरलेले प्रश्न येतात. प्रवासात नमाज किती रकअतींची पढावी? विमानात किब्ल्याची दिशा कशी ठरवावी? तेथील मांस हलाल समजावे की नाही? या प्रश्नांची उत्तरे फिकहच्या ग्रंथांत आहेत आणि ती देणे हे इमामाचे कर्तव्यच आहे. परंतु काही प्रश्न असे असतात, की ते निघताना कोणालाच सुचत नाहीत. माणूस परतला म्हणजे ते त्याच्या मागोमाग घरी येतात. अशाच एका प्रश्नाविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

आमच्या सोलापुरातील एक तरुण, माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र, उर्दूचा शिक्षक आहे. वडील लहानपणीच वारले. आईने विड्या वळून त्याला व त्याच्या बहिणीला शिकविले. या तरुणाची निवड अमेरिकेतील एका विद्यापीठात एका शैक्षणिक वर्षासाठी भाषेचा साहाय्यक शिक्षक म्हणून झाली. ही योजना अनेक वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सेनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि शिक्षक व विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एक शिष्यवृत्ती सुरू झाली. भारताने २ फेब्रुवारी १९५० रोजी त्यासाठी अमेरिकेशी करार केला. २००८ च्या नव्या करारानंतर भारतातील ही शिष्यवृत्ती फुलब्राइट-नेहरू या नावाने ओळखली जाऊ लागली. याच परिवारात भाषा शिकविणाऱ्या साहाय्यक शिक्षकांची एक योजना आहे. तरुण शिक्षक सुमारे नऊ महिने तेथील महाविद्यालयात राहतो, तेथील विद्यार्थ्यांना आपली भाषा शिकवितो आणि स्वतःही तेथील वर्गांत बसून शिकतो. मुदत संपली की त्याने मायदेशी परतावयाचे असते. भारतातून हिंदी, बंगाली अशा भाषांबरोबर उर्दू शिकविणारेही जातात.

निघण्यापूर्वी त्याने मला नमाजेविषयी विचारले. मी त्याला हनफी मत सांगितले. सुमारे ७८ किलोमीटरांच्या पलीकडे जाण्यासाठी गाव सोडलेला माणूस मुसाफिर ठरतो आणि चार रकअतींच्या फर्ज नमाजेच्या दोनच रकअती पढतो. परंतु एका ठिकाणी १५ दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याचा इरादा त्याने केला, की तो तेथला मुकीम, म्हणजे रहिवासी होतो. मग सवलत संपते. मी त्याला म्हणालो, "वाटेत कसर कर. पण त्या गावात पोहोचलास की तू पाहुणा नाहीस. तिथे नमाज पूर्ण पढ." एका मसल्याचे उत्तर दिले, इतकेच मला त्या वेळी वाटले होते.

वर्षाने तो परतला. एका रात्री इशाच्या नमाजेनंतर सारे नमाजी निघून गेले तरी तो बसून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मौलाना, नमाज मी पूर्ण पढली. पण वर्षभर मी खोटी साक्ष दिली की काय, हे मला कळत नाही."

मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. त्या त्याच्या परवानगीने येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी. त्या लहानशा गावात बहुतेकांना भेटलेला तो पहिलाच भारतीय मुसलमान होता. अठरा-वीस वर्षांची मुले त्याला निर्मळ मनाने विचारीत, भारतातील मुसलमानांचे अमुक गोष्टीविषयी काय मत आहे? तुमच्याकडील स्त्रियांना काय वाटते? तुम्ही तेथे सुखी आहात का? आरंभी तो चाचरत असे. पुढे सरावला. "आम्ही भारतीय मुसलमान असे मानतो," हे वाक्य त्याच्या तोंडी रुळले. त्याहून वाईट म्हणजे ऐकणारा बदलला की उत्तर बदलू लागले. मशिदीत निरनिराळ्या देशांचे मुस्लिम बांधव भेटत, तेथे तो आपल्या लोकांचे हाल रंगवून सांगे, कारण तेथे हळहळ मिळे. भारतीयांच्या मेळाव्यात तो सारे आलबेल असल्याचे सांगे, कारण तेथे तेच ऐकावयाचे असे. प्राध्यापकांबरोबर जेवताना तो आपल्याच मोहल्ल्यातील लोकांच्या मागासलेपणाचे किस्से हसत हसत सांगे, कारण त्यामुळे तो स्वतः वेगळा आणि सुधारलेला दिसे. "तिन्ही ठिकाणी थोडे थोडे खरे होते, मौलाना," तो म्हणाला. "पण तिन्ही ठिकाणी मी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोललो."

दुसरी गोष्ट लहान आहे, पण ती सांगताना त्याचा आवाज अधिक खाली गेला. वर्गातील एका मुलीने त्याला आईशी फोनवर बोलताना ऐकले होते. तिने वर्गात विचारले, "तुम्ही आईशी बोलता ती भाषा आम्हाला शिकविता त्यापेक्षा वेगळी वाटते. ती कोणती?" तो उत्तरला, "ती भाषा नव्हे. ती अशुद्ध बोली आहे. तुम्ही पुस्तकातलीच शिका." त्या दिवसापासून आईचा फोन आला की तो खोलीचे दार लावून घेऊ लागला.

वाचकहो, ही दोन प्रकारची वागणूक आपल्याला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. न्यायालय नाही, शपथ नाही, कोणाची जमीन बळकावली नाही, कोणाचे रक्त सांडले नाही. मग याला साक्ष का म्हणावे?

शहादत या अरबी शब्दाच्या मुळाशी हजर असणे आणि पाहणे आहे. जो हजर होता, ज्याने पाहिले, तो शाहिद. साक्ष ही म्हणूनच मुळात न्यायालयातील वस्तू नव्हे. ज्या गोष्टीजवळ मी होतो आणि तुम्ही नव्हता, तिच्याविषयी तुम्ही माझ्या शब्दावर विसंबता, तेव्हा मी साक्षीदार झालेला असतो. सूरह बकराच्या १४३ व्या आयतीत या उम्मतला मध्यममार्गी समुदाय म्हटले आहे आणि इतर लोकांसमोर साक्षी होणे हे तिचे काम सांगितले आहे. परदेशातील त्या वर्गात आमचा तरुण एकटाच हजर होता. त्याने जे सांगितले ते तपासून पाहण्याचे दुसरे साधन त्या मुलांजवळ नव्हते. जेथे ऐकणारा इतका निराधार असतो, तेथे बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते.

कुरआनने या जबाबदारीच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीचा आशय असा, की ज्याचे तुला ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नकोस, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब घेतला जाईल. ही झाली ज्ञानाहून अधिक न बोलण्याची बाजू. सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवू नये असे बजाविले आहे आणि लपविणाऱ्याचे हृदय गुन्हेगार ठरविले आहे. ही झाली ठाऊक असलेले न दडविण्याची बाजू. आमच्या तरुणाने पहिल्या गोष्टीत पहिली मर्यादा ओलांडली आणि दुसऱ्या गोष्टीत दुसरी. सहीह बुखारीतील एक प्रसंग येथे आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) महापापे सांगत असताना टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख आला तेव्हा ते सावरून ताठ बसले आणि तो शब्द इतक्या वेळा उच्चारीत राहिले, की आता त्यांनी थांबावे असे सहाबांना वाटू लागले.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परक्या मुलुखात आपल्या समाजाची अब्रू राखणे हे कर्तव्य नाही काय? बंधूचे दोष झाकणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. शिवाय आपण प्रामाणिकपणे सांगितलेला दोष आपल्या द्वेष्ट्यांच्या हाती शस्त्र म्हणून पडतो, हा अनुभव आपणा सर्वांनाच आहे. मग थोडे झाकले, थोडे सजविले तर बिघडले कोठे?

या आक्षेपात तथ्य आहे. दोष झाकण्याची शिकवण एखाद्या माणसाच्या खासगी चुकीविषयी आहे आणि ती परदेशातही लागू आहे. शेजाऱ्याच्या घरातील भांडण विद्यापीठात जाऊन सांगण्याचे काहीच कारण नाही. म्हणूनच मोहल्ल्यातील माणसांचे किस्से सांगून हशा मिळविणे हे सरळसरळ गीबतीकडे झुकते. परंतु प्रश्न जेव्हा न्याय-अन्यायाचा असतो, तेव्हा सूरह निसाची १३५ वी आयत समोर येते. साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध गेली तरी न्यायावर ठाम राहा, असा तिचा आशय आहे. अब्रू राखण्यासाठी मौन पाळता येते. अब्रू राखण्यासाठी खोटे रचता येत नाही. या दोहोंमध्ये तिसराही एक मार्ग आहे आणि आपण तो फार थोड्या वेळा वापरतो. "मला ठाऊक नाही," असे म्हणण्याचा.

इमाम मालिक (रह.) मदीनेत बसत आणि दूरदूरच्या मुलुखांतून लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत. एकदा एक माणूस सहा महिन्यांचा प्रवास करून आला. त्याच्या गावकऱ्यांनी एक प्रश्न देऊन त्याला पाठविले होते. इमामांनी प्रश्न ऐकला आणि सांगितले, की याचे उत्तर मला येत नाही. तो माणूस गोंधळला. गावी जाऊन मी लोकांना काय सांगू, असे त्याने विचारले. इमाम म्हणाले, की मालिकला ठाऊक नाही, असे सांग. ज्याच्या शब्दाची सारे जग वाट पाहत होते, त्या माणसाने हे सांगितले. मग २०११ च्या जनगणनेनुसार ज्यांची संख्या सतरा कोटींहून अधिक आहे, त्या भारतीय मुसलमानांच्या वतीने सोलापूरच्या एका तरुणाने वर्गात उभे राहून उत्तर दिलेच पाहिजे, असे का वाटावे? "माझ्या गल्लीत मी असे पाहिले. इतरत्र कसे आहे ते मला सांगता येणार नाही," या दोन वाक्यांनी त्याची अब्रू गेली नसती. उलट त्या मुलांना भारताचा विस्तार कळला असता.

परक्या दरबारात बोलण्याचा प्रसंग आपल्या इतिहासात फार लवकर आला आहे. प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी मक्केतील छळाला कंटाळून काही मुस्लिम हबशाला गेले. कुरैशांनी त्यांना परत आणण्यासाठी भेटी घेऊन दूत पाठविले. राजा नजाशीने या निर्वासितांना बोलाविले. त्यांनी आपसांत विचार केला आणि हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांना बोलण्यास पुढे केले. त्यांच्या भाषणातील पहिला भाग पाहा. आम्ही अज्ञानी लोक होतो, मूर्ती पूजीत होतो, मृत जनावरे खात होतो, नाती तोडीत होतो, आमच्यातील बलवान दुर्बलांना गिळीत होता, अशी त्यांनी सुरुवात केली. समोर राजा, बाजूला शत्रूचे दूत, आणि हा माणूस स्वतःचे दोष आधी सांगतो. लक्षात घ्या, त्यांनी 'ते' म्हटले नाही, 'आम्ही' म्हटले. आमच्या तरुणाने प्राध्यापकांपुढे जे दोष सांगितले ते 'त्या लोकांचे' होते, आणि स्वतः त्यांच्यातून अलगद बाहेर पडला होता. एकच दोष 'आम्ही' म्हणून सांगितला तर ती कबुली होते आणि 'ते' म्हणून सांगितला तर ती चहाडी होते.

दुसऱ्या दिवशी प्रसंग अधिक कठीण झाला. हे लोक हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी भलतेच बोलतात, असे दूतांनी राजाच्या कानी घातले. राजा ख्रिस्ती होता. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलण्याची याहून मोठी गरज कोणाला पडली असेल? निर्वासितांनी ठरविले, की जे अल्लाहने सांगितले आणि प्रेषितांनी (स.) आणले तेच सांगावयाचे, मग होईल ते होवो. जाफर (रजि.) यांनी तसेच केले. दरबारातील धर्मगुरू नाराज झाले, परंतु राजाने त्यांना आश्रय दिला. येथे आणखी एक बारकावा आहे. जाफर (रजि.) यांना सोबत्यांनी नेमले होते, आणि ते जे सांगत होते ते त्या सर्वांनी स्वतः भोगलेले होते. आमच्या तरुणाला कोट्यवधी लोकांनी नेमले नव्हते. 'आम्ही' हा शब्द वापरण्यापूर्वी त्यात कोण कोण येते आणि त्यांनी मला विचारले आहे काय, हे स्वतःला विचारावे.

आता एका वर्षासाठी परगावी गेलेल्या शिक्षकाकडे वळू. अकबाच्या पहिल्या बैअतनंतर यस्रिबच्या लोकांना शिकविण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांना पाठविले. श्रीमंत घरात वाढलेला हा तरुण तेथे हजरत असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या घरी राहिला आणि कुरआन शिकवू लागला. लोक त्यांना 'मुक्री', म्हणजे पठण शिकविणारा, म्हणत. एके दिवशी तेथील एक सरदार उसैद बिन हुजैर भाला घेऊन संतापाने आले आणि येथून चालते व्हा म्हणाले. मुसअब (रजि.) यांनी त्यांना शांतपणे सुचविले, की क्षणभर बसून ऐका. पटले तर स्वीकारा, न पटले तर आम्ही थांबतो. उसैद यांना हे न्याय्य वाटले. त्यांनी भाला जमिनीत रोवला आणि ते बसले. ज्याला स्वतःच्या बोलण्याच्या खरेपणाची खात्री असते, तो समोरच्याला नाकारण्याचा हक्क सहज देऊ शकतो. जो छाप पाडण्यासाठी बोलतो, त्याला तो देता येत नाही. पुढच्या हजला मुसअब (रजि.) परतले तेव्हा त्या शहरातील सत्तरांहून अधिक लोक प्रेषितांना (स.) भेटण्यास आले. एका वर्षात एका शिक्षकाने काय होऊ शकते, त्याचा हा दाखला आहे.

आता दुसरी गोष्ट, आईच्या भाषेची. येथे मला न्यायाधीशाच्या जागी बसता येत नाही, कारण हा अपराध माझाही आहे. लहान वयात मी मदरशात शिकावयास दूर गेलो तेव्हा माझ्या तोंडचे 'हौ' आणि 'नक्को' ऐकून सोबतची मुले हसत. सहा महिन्यांत मी दोन्ही शब्द टाकले. सुटीत घरी आलो आणि आईशी पुस्तकी उर्दूत बोलू लागलो. ती काही बोलली नाही, पण माझ्याशी थोडे जपून बोलू लागली. पुढे मराठीत बी.ए. करताना उलटा अनुभव आला. "तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?" असे कौतुकाने विचारले जाई, आणि मी ते कौतुक मुकाट्याने घेई. माझ्या आईच्या बोलीत मराठी आधीपासूनच होती, हे मी कोणालाही सांगितले नाही.

कारण ती खरोखरच होती. आपली दखनी मराठीच्या शेजारी शतकानुशतके राहिली आहे. 'नक्को' हा शब्द मराठीच्या 'नको'पासून आला आहे. 'अबीच', 'मैंच' म्हणताना शब्दावर जोर देणारा जो 'च' आपण लावतो, तोही मराठीचाच आहे. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली याच शहरात भरले होते. त्या मुलीने विचारलेला प्रश्न म्हणजे हे सारे सांगण्याचे आमंत्रण होते. उर्दू केवळ दिल्ली-लखनौची नाही, ती भीमा-सीनेच्या काठीही बोलली जाते, हे सांगू शकणारा वर्गात एकच माणूस होता. त्याने ती साक्ष दडविली.

सूरह रूमच्या २२ व्या आयतीत आकाश व पृथ्वीच्या निर्मितीबरोबर माणसांच्या भाषांचे व रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. निशाणीची लाज कशी बाळगावी? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत हिशाम बिन हकीम (रजि.) यांना सूरह फुरकान आपल्याला शिकविले त्याहून वेगळ्या रीतीने पढताना ऐकले. ते संतापले आणि त्यांच्या गळ्यात चादर टाकून त्यांना प्रेषितांकडे (स.) घेऊन गेले. प्रेषितांनी (स.) दोघांकडून पढवून घेतले आणि दोन्ही पठणे अशीच उतरली आहेत असे सांगितले. लोकांना सोपे जावे म्हणून कुरआन सात रीतींवर उतरविला गेला, अशी ती शिकवण आहे. अल्लाहच्या कलामाच्या पठणात जर इतकी सवड ठेवली गेली, तर आईच्या तोंडच्या शब्दांना अशुद्ध ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. तो तर त्याच्या नेमणुकीचा भागच होता. परंतु प्रमाण भाषा शिकविण्यासाठी घरच्या बोलीला नाकारावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, की साक्षीदाराने इतके सांभाळून बोलावयाचे तर त्याने परदेशात करावयाचे तरी काय? याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत म्हणून १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यांत ते होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, जखमींवर उपचार केले, तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकविले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव इन्हुआ ठेवले होते. त्यातील एक अक्षर भारतासाठी होते आणि एक चीनसाठी. ते आपल्या धर्माचे नव्हते, परंतु सत्य जेथे दिसेल तेथे ते ओळखणे हे श्रद्धावंताचे काम आहे. चीनमध्ये आजही ज्या भारतीयाची आठवण काढली जाते, तो भारताविषयी व्याख्याने देऊन नव्हे, तर आपले काम चोख करून साक्षीदार झाला. पथकातील सर्वच डॉक्टरांनी आपल्या चिनी नावात चीनवाचक 'हुआ' जोडला होता. कोटणीस त्या नावाला शेवटपर्यंत जागले.

आता मला माझे जुने उत्तर नव्याने कळते. १५ दिवसांच्या इराद्याने माणूस मुकीम होतो, तेव्हा त्याची नमाज पूर्ण होते. तसेच त्याचे शेजारधर्म, वचने आणि बोलण्याची जबाबदारी हीही पूर्ण होते. पाहुण्याला शिष्टाचारापुरते गोड बोलून निघून जाता येईल. रहिवाशाला ते शोभत नाही.

त्या रात्री मी तरुणाला सांगितले, की तुझे दुःख हीच तौबेची सुरुवात आहे, पण शेवट नव्हे. सूरह बकराच्या १५९ आणि १६० या आयती वाच. उघड करावयाची गोष्ट जे लपवितात त्यांना तेथे कठोर शब्दांत ताकीद आहे. त्यातून सूट मिळते ती तीन गोष्टी करणाऱ्यांना. त्यांनी तौबा करावी, सुधारणा करावी आणि जे लपविले होते ते स्पष्ट सांगावे. या तिसऱ्या अटीतून सुटका नाही. ज्या विभागात तू शिकविलेस त्या विद्यार्थ्यांना पत्र लिही. मी बोललो ते माझ्या गल्लीपुरते होते, पुष्कळ ठिकाणी मी मला ठाऊक असलेल्यापेक्षा अधिक बोललो, आणि मी आईशी बोलतो ती भाषा दखनी आहे, असे लिही.

त्याने पत्र लिहिले. त्याबरोबर आईच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण पाठवावे असे त्याच्या मनात आले. आई ऐकेना. मांडीवरचे सूप बाजूला सारून म्हणाली, "मेरी बातां क्या सुनते उनो?" हे मला सांगताना तो रडला. कारण हे वाक्य आईने स्वतः शोधलेले नव्हते. लावलेल्या दारामागून ते तिला वर्षभर ऐकू येत होते. तिने अद्याप होकार दिलेला नाही. तो रोज तिच्याजवळ बसून तिच्याच बोलीत बोलतो. मी त्याला घाई करू नकोस असे सांगितले आहे.

आणि वाचकहो, गोष्ट येथे संपत नाही, कारण आता आपली पाळी आहे. तो परतल्यापासून मोहल्ल्यातील लोक त्याला विचारतात, अमेरिकेतील लोक कसे असतात? कोणाला ऐकावयाचे असते, की तेथे कुटुंब उरलेले नाही, आईवडिलांना कोणी विचारीत नाही. कोणाला ऐकावयाचे असते, की तेथे सारे प्रामाणिक आणि आपण मात्र वाया गेलेले. तो नऊ महिने एका लहान गावात राहिला. त्याने एक वसतिगृह, दोन-तीन वर्ग, एक मशीद आणि काही घरे पाहिली. ज्या लोभाने त्याच्याकडून तिकडे खोटी साक्ष घडली, तोच लोभ आपण त्याला इकडे दाखवीत आहोत. साक्षीदाराला खोटे बोलण्याची सवय श्रोतेच लावतात. सूरह हुजुरातच्या १३ व्या आयतीनुसार आपली कुळे आणि समुदाय परस्परांना ओळखण्यासाठी निर्माण केले आहेत. हवे तेच ऐकण्याचा हट्ट धरणारा माणूस कोणालाही ओळखत नाही.

म्हणून ज्यांच्या घरातून कोणी वर्षभरासाठी परदेशी जात असेल, त्यांना माझी नम्र विनंती आहे. त्याला मुसल्ला द्या, दुआ द्या, आणि तीन वाक्येही शिकवून पाठवा: मी एवढेच पाहिले आहे, मला ठाऊक नाही, ही माझ्या आईची भाषा आहे. तो परत आला म्हणजे त्याला "ते लोक कसे असतात?" असे विचारू नका. "तुझा शेजारी कोण होता? त्याचे नाव काय? त्याने तुला काय शिकविले?" असे विचारा. असे प्रश्न विचारले तर खरे उत्तर देणे त्याला सोपे जाईल.

अल्लाह तआला आपल्या जिभांना ज्ञानाच्या मर्यादेत ठेवो, जे ठाऊक आहे ते न लपविण्याचे धैर्य देवो, आणि परक्या मुलुखातील आपल्या मुलामुलींना खऱ्या साक्षीदारांत सामील करो. आमीन.